काकांची फाईल

फेब्रुवारीत हळद शिजायला लागली की वसमत तालुक्यातल्या आमच्या गावाचा वासच बदलतो. वाफेचा, मातीचा आणि कच्च्या हळदीचा उग्र वास एसटीच्या खिडकीतूनच आत येतो. यंदा चार दिवसांची रजा काढून गेले, तेव्हा अण्णा कुकरपाशी होते, आई वाळत घातलेली हळद उलथत होती आणि आमच्या ओट्यावर शेजारचे काका मांडीवर प्लास्टिकची पिशवी घेऊन बसले होते. पिशवीत फाईल होती. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर निघाला होता.

"पोरी, तू कॅन्सरच्याच लॅबमधी हायस ना? मग मला खरं काय ते सांग."

मी मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे रुग्ण येत नाहीत, निरोगी माणसांनी दिलेलं रक्त येतं. ते एका जड द्रावणावर अलगद सोडून यंत्रात फिरवलं की तांबड्या पेशी तळाला बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो आणि दोन्हींच्या मधे धुरकट पांढरं कडं दिसतं. आम्हाला हवं असतं ते एवढंच. त्यातल्या टी-पेशी जाग्या करायच्या, मग निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांच्यात नवा जनुक घालायचा. त्याने त्या पेशींना सीडी-19 हे प्रथिन ओळखता येतं. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये बिघडलेल्या पेशींच्या अंगावर नेमकं तेच प्रथिन असतं. पुढचे दहा-बारा दिवस फक्त सांभाळणं: 37 अंश तापमान, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड. लालसर मीडियम पिवळं पडलं की समजायचं, पेशी वाढल्यात आणि भुकेल्यात. गेल्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी त्यांनाच खाऊ घालत होते.

काकांचा पहिला प्रश्न मात्र या पेशींचा नव्हता. "औषधानं लेकरू पार वाळलंय. ते थांबवून हळदीच्या दुधावर ठेवलं तर? आपल्या हळदीला तर सरकारचा शिक्का बी मिळालाय."

वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा गावाला अभिमान आहे आणि मलाही. म्हणूनच उत्तर देताना घसा कोरडा पडला. लॅबमधल्या पहिल्या वर्षी मी स्वतः हळदीतलं कर्क्युमिन पेशींवर घालून पाहिलं होतं. नवा जनुक ज्यांच्यात गेला त्या पेशी हिरव्या चमकाव्यात अशी खूण आम्ही लावतो. त्या रात्री जवळजवळ सगळ्याच चमकल्या. मला झोप आली नाही. आपल्या शेतातलं काहीतरी जगाच्या उपयोगी पडणार, असं वाटलं. सकाळी तपासलं, तर ज्यांच्यात जनुक घातलाच नव्हता त्याही पेशी तशाच हिरव्या. कर्क्युमिन निळ्या प्रकाशात स्वतःच चमकतं. ते पेशींचं यश नव्हतं, हळदीचा रंग होता.

हे मी काकांना जसंच्या तसं सांगितलं. बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मरतात म्हणून माणूस बरा होत नाही, कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच थोडं पोचतं, हेही सांगितलं. हळद भाजीत असू द्या. औषध थांबवू नका.

मग त्यांनी वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून तयार केलेल्या, आमच्यासारख्याच टी-पेशींच्या उपचाराची बातमी होती. त्याला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली, 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तो देशाला अर्पण केला. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा तो उपचार इथे काही लाखांत आला. पण काही लाख म्हणजे तीसच्या पुढे. काका मनातल्या मनात एकरांचा हिशेब करत होते, ते मला दिसत होतं.

"काका, शेत विकायचं नाही," मी म्हटलं. तो उपचार नेहमीची औषधं हरली किंवा आजार उलटला तर आहे, आणि मान्यता मिळाली ती पंधरा वर्षांवरच्यांसाठी. मी डॉक्टर नाही, पण फाईलमध्ये जो आजार लिहिलाय तो मुलांमध्ये नेहमीच्या केमोथेरपीनेच बहुतेकदा बरा होतो, फक्त ती दोन-अडीच वर्षं पूर्ण घ्यावी लागते. लेकरू वाळलंय, केस गेलेत, हे औषधामुळे. ते परत येतं. मधेच सोडलं तर आजार परततो आणि मग तो जास्त हट्टी असतो.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुम्ही ज्या कॅन्सरवर ह्या पेशी सोडता, त्यो कॅन्सर आणता कुठनं?"

हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता. नाल्म-6 नावाच्या पेशी आहेत, मी म्हटलं. 1976 साली एकोणीस वर्षांच्या एका तरुणाच्या रक्तातून घेतलेल्या. त्याचा ल्युकेमिया उलटला होता. त्या पेशी तेव्हापासून जगभरातल्या लॅबमध्ये वाढताहेत, आमच्याकडेही आहेत.

"त्या पोराचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं. दोन वर्षं त्याच्या पेशी हाताळत होते, पण नाव असेल हे मनातही आलं नव्हतं.

काकांनी कागद एकेक करून फाईलमध्ये लावले, पिशवीची गाठ मारली. सोमवारी नांदेडला पुढचं इंजेक्शन होतं. पहाटेची एसटी फाट्यावर किती वाजता येते, ते विचारायला ते अण्णांकडे, कुकरच्या वाफेत गेले.