फोन खाली कुणी ठेवायचा?

संपादकांचा निरोप ऑगस्टमध्ये आला. ३० सप्टेंबर २०२५ला आपली डायल-अप इंटरनेट सेवा आणि तिच्यासोबतचं एओएल डायलर हे सॉफ्टवेअर कायमचं बंद करणार, असं अमेरिकेतल्या एओएल कंपनीने नुकतंच जाहीर केलं होतं. संपादकांचं म्हणणं असं, की भोसरी-चाकणच्या कारखान्यांत तुम्ही डायल-अपचीच कामं केलीत, तर दिवाळी अंकासाठी ‘त्या आवाजावर’ लिहा.

डायल-अप म्हटलं की प्रत्येकाला तो आवाजच आठवतो, आणि याचं मला वाईट वाटतं. आवाज म्हणजे दोन मोडेमची पहिल्या काही सेकंदांतली बोलणी. पलीकडचा मोडेम आधी २१०० हर्ट्झचा सूर देतो. तो सूर एक्स्चेंजमधल्या प्रतिध्वनी दाबणाऱ्या यंत्रणेला बाजूला व्हायला सांगतो, कारण ती यंत्रणा माणसांच्या बोलण्यासाठी असते आणि मोडेमच्या कामात मोडता घालते. पुढची खरखर म्हणजे लाइन किती वेग पेलेल याची चाचणी. हे सगळं मोडेमच्या चिपमध्ये व्हायचं. कॉम्प्युटरवरच्या डायलरचं खरं काम आवाज थांबल्यावर सुरू व्हायचं, आणि त्या कामाबद्दल मला आजवर कुणी एक प्रश्न विचारलेला नाही.

थोडा इतिहास सांगून पुढे जातो. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पुण्याचा नंबरही लवकरच लागला. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत नुसत्या अक्षरांचं खातं मिळे. चित्रं दिसणारं खातं कित्येक पटींनी महाग होतं. १९९८च्या शेवटी खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि दर उतरले. मग भोसरी एमआयडीसीतल्या लहान युनिटांतही मोडेम आले. मोठ्या वाहन कंपन्या शेड्यूल आणि ड्रॉइंग मेलवर पाठवू लागल्या होत्या; मेल वेळेवर उघडला नाही तर दुसऱ्या दिवशीचा माल चुकायचा. मी निगडीत राहायचो आणि अशा युनिटांमध्ये मोडेम बसवून द्यायचो. पुढे त्यांच्यासाठी डायल-अप सांभाळणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आकुर्डीपासून चाकणपर्यंत तो बऱ्याच ठिकाणी चालला. त्याचा मला आजही अभिमान आहे.

आपल्याकडे पहिली अडचण नंबर लावण्याआधीच यायची. अमेरिकेत डायल टोन म्हणजे ३५० आणि ४४० हर्ट्झचे दोन सूर एकत्र. आपला डायल टोन ४०० हर्ट्झचा, आणि तोही २५ हर्ट्झने थरथरणारा. तिकडच्या सवयीने बनलेल्या मोडेमला आपला टोन ओळखूच यायचा नाही. लाइन चांगली असायची, फोन उचलला की टोन स्वच्छ ऐकू यायचा, आणि स्क्रीनवर मात्र एरर ६८०, डायल टोन नाही. लोक टेलिफोन खात्याला शिव्या देत, लाइनमनला घरी बोलावून चहा पाजत. उपाय एका ओळीचा होता. मोडेमला सुरुवातीच्या आज्ञेत एक्स-३ द्यायचं, म्हणजे तो टोनची वाट न पाहता सरळ नंबर फिरवतो.

कारखान्यांत त्यात ईपीएबीएक्सची, म्हणजे आतल्या छोट्या एक्स्चेंजची, भर. बाहेरची लाइन मिळवायला शून्य दाबायचं, मग दुसरा टोन येणार. तो टोनही मोडेमला ओळखता येत नसल्यामुळे नंबर ‘०,,१७२२३३’ असा लिहावा लागे. १७२२३३ हा बीएसएनएलच्या संचारनेटचा नंबर. प्रत्येक स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंद थांबणं. एक्स्चेंज जुनं असेल तर तिसरा स्वल्पविराम.

चाकणची गोष्ट आणखी निराळी. पिंपरी-चिंचवडचा एसटीडी कोड पुण्याचाच, ०२०. चाकणचा ०२१३५. पिंपरीत सेट केलेला लॅपटॉप एखादा इंजिनिअर चाकणच्या प्लांटवर घेऊन गेला की विंडोजचे डायलिंगचे नियम त्याच्या नंबराआधी इमानेइतबारे एसटीडी कोड लावायचे, आणि १७२ने सुरू होणारा नंबर तसा लागतच नाही. पुण्यातल्या साध्या सातआकडी नंबरावर डायल करणाऱ्यांचा फोन लागायचा, पण एसटीडीच्या दराने. हा फरक महिना-दोन महिन्यांनी बिलात दिसायचा.

लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज वेगाबद्दलचा. खालच्या कोपऱ्यात ‘१,१५,२००’ दिसलं की मालक खूश. तो आकडा कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधल्या वायरचा असायचा, टेलिफोन लाइनचा त्याच्याशी संबंध नाही. आणि छप्पन के हा वेग फक्त येणाऱ्या माहितीला, तोही सेवा देणाऱ्याचं टोक एक्स्चेंजला डिजिटल लाइनने जोडलेलं असेल तरच. जाणारी माहिती जास्तीत जास्त ३३.६वर. ड्रॉइंग पाठवायला इतका वेळ का लागतो, असं विचारणाऱ्याला मी हे कागदावर काढून दाखवायचो.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. डायलरचं सगळ्यात अवघड काम फोन लावणं कधीच नव्हतं. फोन ठेवणं हे होतं.

त्या काळी लोकल कॉलचा पल्स तीन मिनिटांचा. तासाला वीस युनिटं, आणि तीन मिनिटांवर एक सेकंद झाला की दुसरं युनिट पडलं. म्हणून माझ्या प्रोग्रॅममध्ये पुढचा पल्स पडायला किती सेकंद उरलेत ते मोठ्या आकड्यात दिसायचं. लोकांना वाटे, ‘डिस्कनेक्ट’ दाबलं की झालं. पण विंडोजला लाइन तोडायला सांगून प्रोग्रॅमने लगेच स्वतःला बंद केलं, तर तोडण्याची क्रिया अर्धवट राहायची. मोडेम विचित्र अवस्थेत अडकायचा आणि पुढच्या वेळी एरर ६३३ यायचा, म्हणजे पोर्ट आधीच वापरात आहे. बरोबर पद्धत अशी की तोडायला सांगायचं, मग कनेक्शनची स्थिती पुन्हा पुन्हा विचारत राहायचं, आणि असं काही कनेक्शनच नाही हे उत्तर आलं की मगच बाहेर पडायचं. मायक्रोसॉफ्टच्या माहितीपत्रात हे स्पष्ट लिहिलेलं होतं. तरी बाजारातले कितीतरी डायलर ते न पाळता विकले गेले.

उलटही घडायचं. हेज कंपनीच्या पद्धतीत मोडेमला चालू कॉलमध्ये आज्ञा द्यायची तर आधी एक सेकंद शांतता, मग तीन अधिकचिन्हं, मग पुन्हा एक सेकंद शांतता. या शांततेवर हेजचं पेटंट होतं. परवान्याचे पैसे वाचवायला काही स्वस्त मोडेमनी शांतता गाळली. मग ‘+++’ आणि फोन ठेवण्याची आज्ञा एवढी अक्षरं त्या मोडेमच्या वाटेने बाहेर जाणाऱ्या माहितीत कुठेही आली, की तो मुकाट्याने फोन ठेवून द्यायचा. कुणीही दुरून ती अक्षरं घातलेला पिंग पाठवावा, उत्तरात तीच अक्षरं परत निघावीत, आणि लाइन कट. मालकाचा राग मात्र टेलिफोन खात्यावरच.

पण यापेक्षा महत्त्वाचा वाद निराळा आहे. तो मी अनेकांशी घातला आणि आजही घालायला तयार आहे. लाइन रिकामी आहे असं कधी म्हणायचं? विंडोजचा साधा नियम असा की ठरावीक मिनिटं, बहुधा वीस, लाइनवरून काहीच गेलं-आलं नाही तर फोन ठेवावा. ऐकायला उत्तम. पण आउटलुक एक्स्प्रेस दर काही मिनिटांनी आपणहून नवा मेल बघायला जातं. मेसेंजर ‘मी इथेच आहे’ असं अधूनमधून सांगत राहतो. विंडोज स्वतःच शेजारचे कॉम्प्युटर शोधायला हाका मारतं. अँटीव्हायरसला नवी यादी हवी असते. माणूस पाच वाजता स्कूटरला किक मारून घरी गेलेला असतो, आणि लाइनवर बाइट येत-जात असतात. सॉफ्टवेअरच्या हिशेबी ती लाइन रात्रभर कामात असते. अशा एका सुट्टीचं बिल पाहून भोसरीतल्या एका टूलरूमच्या मालकाने मोडेमची वायर उपटून कपाटात कुलूपबंद केली. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

माझं म्हणणं असं की बाइट मोजून भागत नाही, ते कशासाठी निघालेत हे बघायला हवं. फोन लागल्यावर दोन टोकं ज्या पद्धतीने इंटरनेटची पाकिटं एकमेकांना देतात ती पीपीपी; लिनक्सच्या पीपीपी प्रोग्रॅममध्ये याची सोय होती. कुठली पाकिटं कामाची धरायची याची चाळणी तिथे लिहून देता यायची. बाकीची आली-गेली तरी रिकामेपणाचं घड्याळ थांबत नसे. विंडोजवर मला हे सगळं हाताने करावं लागलं. मी कीबोर्ड आणि माउस शेवटचे कधी हलले ते बघायचो, आणि मोठी फाइल उतरत असेल तर सूट द्यायचो. विरोधकांचा युक्तिवादही वजनदार होता. माणूस बसून लांबलचक पान वाचतो आहे, हात हलत नाहीत, बाइट येत नाहीत, तर त्याची लाइन तोडायचा हक्क प्रोग्रॅमला कुणी दिला? मी आधी एक मिनिट पडद्यावर विचारायचो. ते म्हणायचे, विचारणंसुद्धा त्रास आहे. तरीही बिल भरणारा आणि स्क्रीनसमोर बसणारा ही कारखान्यात दोन वेगळी माणसं असतात, आणि सॉफ्टवेअरने बिल भरणाऱ्याची बाजू घ्यावी, या मतावर मी ठाम आहे.

जानेवारी २००५मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं आणि हा वाद लोकांपुरता संपला. पल्स गेला, फोन ठेवायची गरज गेली. पीपीपी मात्र गेलं नाही. ब्रॉडबँडच्या राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड भरावा लागतो तेव्हा आत तेच चालू असतं, आणि आज घरोघरी आलेल्या फायबरवरही बऱ्याच ठिकाणी तेच आहे. डायल-अप ‘मेलं’ असं जे म्हणतात त्यांनी चाकणच्या एखाद्या शेडमधलं कंट्रोल पॅनल उघडून बघावं. आत सिमकार्डाचा मोडेम असतो, आणि त्याला आजही *९९# हा नंबर डायल करूनच नेटवर आणतात. टोन नाही, आवाज नाही, पण आज्ञा त्याच.

अशाच एका पॅनलने मला यंदा झोपू दिलं नाही. महाळुंगेजवळचं एक व्हेंडर युनिट, तिथला एअर कॉम्प्रेसर. दाब, तापमान, चालू तास हे सगळं पॅनल मोबाइल नेटवर्कवरून पुरवठादाराच्या सर्व्हरला पाठवतं. दर शुक्रवारी सकाळी डेटा गायब. पॅनलच्या स्क्रीनवर हिरवा दिवा आणि ‘कनेक्टेड’. मेन्टेनन्सचा मुलगा मला पुन्हा पुन्हा सांगायचा, “सर, कनेक्टेड तर दाखवतंय.” पुरवठादाराने सिम बदललं, मग अँटेना बदलला, मग टॉवरवर खापर फोडलं.

आपल्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते. कॉम्प्रेसर बंद, पॅनल चालू, पाठवायला काहीच नाही. इतका वेळ शांतता राहिली की मोबाइल नेटवर्क आपल्या बाजूने ते सत्र मोडून टाकतं. पूर्वी शांततेत फोन ठेवायचा निर्णय आम्ही घेत असू, कारण पैसे आमचे जायचे. आता तो नेटवर्क घेतं आणि आपल्याला कळवतही नाही. पीपीपीमध्ये पलीकडचं टोक जिवंत आहे का हे तपासायची जुनी, चांगली सोय आहे. दर काही सेकंदांनी ‘आहेस का’ विचारायचं, ठरावीक वेळा उत्तर आलं नाही तर लाइन मेली समजायची. त्या पॅनलमध्ये ती बंद होती. मी चालू करून घेतली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच.

कारण समजायला मला वेळ लागला, आणि ते या क्षेत्रातल्या तरुणांनी लक्षात ठेवावं असं आहे. टेलिफोनच्या डायल-अपमध्ये पीपीपीचं दुसरं टोक सेवा देणाऱ्याच्या इमारतीत असायचं. त्याने उत्तर दिलं म्हणजे सगळी वाट शाबूत. सिमच्या मोडेममध्ये पीपीपी त्या मोडेममध्येच संपतं. पॅनलच्या ‘आहेस का’ला वीतभर अंतरावरचा मोडेमच ‘आहे’ म्हणतो. पुढे टॉवर, नेटवर्क, सर्व्हर यांचं काही का होईना.

आता पॅनल दर काही मिनिटांनी थेट सर्व्हरकडून उत्तर मागतं, आणि ओळीने काही वेळा ते आलं नाही तर मोडेमचा वीजपुरवठा तोडून पुन्हा जोडतं. शुक्रवारची तक्रार थांबली आहे. माझं समाधान मात्र झालेलं नाही. सर्व्हरच बंद पडला तर त्याला जोडलेली सगळी पॅनलं आपापले चांगले मोडेम रात्रभर बंद-चालू करत बसतील. दोन निरनिराळ्या ठिकाणांहून उत्तर मागावं, दोन्हीकडे शांतता असेल तरच मोडेमला हात लावावा, आणि दर खेपेला थांबण्याचा वेळ वाढवत न्यावा, असं मी पुरवठादाराला लेखी कळवलं आहे. मोडेमशी झालेलं बोलणं वेळेसकट पॅनलवर साठवावं आणि ते गिऱ्हाइकाला बघता यावं, अशीही मागणी केली आहे. पहिली सूचना त्यांनी मान्य केली. दुसरीवर त्यांचं उत्तर असं, की गिऱ्हाइकाला एवढं कळत नाही, त्याला हिरवा दिवा पुरतो. मी पुन्हा पत्र लिहिलं आहे.