रस्त्याच्या कडेचा टेटू

नाशिकहून पेठ, सुरगाणा, हरसूलकडे जाणारे रस्ते पानगळीच्या जंगलातून निघालेले. पुढे शेतीसाठी रान मोकळे झाले. पण शेताचा बांध आणि डांबर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत जुन्या रानाची काही झाडे टिकली. टेटू, पाडळ, मेडशिंग, कौशी ही त्यांपैकी विरळ झालेली.

टेटूची मोठी, मांसल फुले रात्री उमलतात आणि त्यांचे परागीभवन वटवाघळे करतात. पाने गळाली की तलवारीसारख्या लांब शेंगा लोंबताना दिसतात. त्या उकलल्या की कागदासारखे पातळ, पारदर्शक पंख असलेल्या बिया वाऱ्यावर निघतात. रस्त्याकडेला यातल्या बऱ्याच डांबरावर पडून वाया जातात. मातीत रुजलेले रोप पुढच्या उन्हाळ्यात पेटवलेल्या गवताबरोबर जळते. त्यामुळे म्हातारे झाड उभे असते, पण त्याच्याखाली पुढची पिढी नसते. त्यातच टेटूच्या मुळाची साल दशमुळात लागते. ती ओरबाडली की उभे झाडही वाळते.

अशा झाडाला कायद्याचा आधार तोकडा आहे. ग्रामीण भागातील तोडीवर नियंत्रण ठेवणाऱ्या १९६४ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत साग, खैर, चंदन, हिरडा, मोह, आंबा, तिवस, हळदू आहेत. टेटू, पाडळ, मेडशिंग नाहीत. ५० वर्षांवरील झाडांना वारसा वृक्ष मानणारी २०२१ ची दुरुस्ती नागरी क्षेत्रांच्या कायद्यातली आहे. रस्ता रुंद करताना तोडलेल्या झाडांच्या बदल्यात नवी लावतात, पण मोजणी संख्येची होते. टेटू गेला आणि मादागास्करचा गुलमोहर आला, तरी हिशेब जुळतो.

म्हणून जतनाची सुरुवात ओळखीपासून करावी लागते. फुलोऱ्याच्या आणि शेंगांच्या दिवसांत गावातल्या जाणत्यांना बरोबर घेऊन झाडांची जातीनिहाय नोंद करावी आणि रुंदीकरणाची आखणी होण्यापूर्वी ती बांधकाम विभागाकडे द्यावी. बुंध्याभोवतीची माती उघडी ठेवावी, केबलचा चर मुळांपासून लांब न्यावा, गवत पेटवण्याऐवजी कापावे. शेंगा उकलण्याआधी काही उतरवून बिया त्याच तालुक्यातल्या रोपवाटिकेत रुजवाव्यात. वड, उंबर दुसरीकडे हलवले तरी बऱ्याचदा फुटतात. सोटमूळ खोल गेलेली इतर झाडे सहसा तग धरत नाहीत. त्यांच्यासाठी रस्त्याची आखणीच थोडी सरकवावी लागते.