जोत्यांचं गाव

घर पडतं, वासे कुणीतरी सरपणाला नेतं, भिंतींची माती दोन पावसांत वाहून जाते. जोतं तेवढं राहतं. माझ्या आजोळी, राजापूरजवळच्या एका वाडीत, अशी तीन-चार जोती आहेत आणि कुठलं कुणाचं हे म्हातारी माणसं अजून बरोबर सांगतात. उन्हाळ्यात त्यांच्यावर काजूबिया वाळत घालतात. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सिमेंटचे ते मोठे चौकोन पहिल्यांदा बघितले तेव्हा माझ्या मनात ‘जोती’ हाच शब्द आला. नंतर तिथे भेटलेल्या माणसांकडेही मी त्या शब्दातूनच बघत राहिले.

सॅन डिएगोला मावसबहिणीकडे उतरले होते. पत्रकार म्हणून अमेरिकेच्या कडेकडेने राहणाऱ्या माणसांवर काही लिहायचं मनात होतं. ‘‘अगं, तिकडे कशाला? ती माणसं बरी नसतात,’’ ताई म्हणाली. तीस वर्षं तिथे राहून ती त्या बाजूला कधी गेली नव्हती. पण पहाटे उठून तिनेच थालीपिठं लावली आणि पाण्याचे चार मोठे कॅन गाडीत चढवले. ‘‘वाळवंट आहे. पाणी असू दे.’’

वाटेत सॉल्टन सी लागला. हा समुद्र अपघाताने झालेला आहे. १९०५ साली कोलोरॅडो नदीने शेतीसाठी खणलेला कालवा फोडला आणि जवळजवळ दोन वर्षं नदी समुद्रसपाटीहून खोल असलेल्या त्या खोलगट भागात ओतत राहिली. १९५०च्या दशकात काठावर हॉटेलं, नौकाविहार सगळं होतं. मग पाणी खारावत गेलं. आता किनाऱ्यावर चालताना पायाखाली जे करकरतं, त्यात माशांची हाडं आणि टरफलंच जास्त असतात. जानेवारीतलं कोवळं ऊन होतं, आभाळ निळंशार होतं आणि त्या किनाऱ्यावर माझ्याखेरीज कुणी नव्हतं.

नायलंड गावाच्या पूर्वेला पाचेक किलोमीटरवर स्लॅब सिटी. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, मरीन सैनिकांच्या सरावासाठी इथे कॅम्प डनलॅप उभारला गेला. युद्ध सरलं, १९५६पर्यंत इमारती उतरवून नेल्या, खालचे स्लॅब राहिले. पुढे जमीन कॅलिफोर्निया राज्याकडे आली. नळ नाही, विजेच्या तारा नाहीत, गटार नाही. भाडंही नाही आणि घरपट्टीही नाही. जुन्या बसगाड्या, ट्रेलर, ताडपत्र्यांचे आडोसे घेऊन माणसं आली आणि त्या जोत्यांवर राहू लागली. थंडीत उत्तरेकडचे पेन्शनर येतात, त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात, आणि वस्ती काही पटींनी वाढते. उन्हाळा काढतात ते शे-दीडशेच. पलीकडे चॉकलेट पर्वतात लष्कराचं बॉम्बफेकीच्या सरावाचं मैदान आहे. अधूनमधून जमीन हादरते, आणि चहा पिणारा माणूस कप जरा घट्ट धरतो, एवढंच.

पहिल्या सकाळी एक बाई आपला स्लॅब झाडताना दिसल्या. सत्तरीच्या. तीन बाजूंना वाळवंट, वाळू तर वाऱ्याबरोबर पुन्हा येणारच, तरी त्या कडेपर्यंत झाडत गेल्या, केर कोपऱ्यात गोळा केला, सुपलीत भरला आणि दहा पावलं लांब जाऊन टाकला. माझी आजी अंगण असंच झाडायची. मी थांबले. त्यांनी विचारलं, ‘‘किती दिवस आहेस?’’

‘‘दोन.’’

‘‘मग दोन दिवसांत सांगण्यासारखं आहे तेवढंच सांगते. माझं नाव मात्र लिहू नकोस.’’

त्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत होत्या. नवऱ्याचं आजारपण लांबलं, इस्पितळाची बिलं घर घेऊन गेली, मग नवराही गेला. पेन्शनमधून खोलीचं भाडं भरलं की औषधांना पैसे उरत नव्हते. दोन वर्षं त्यांनी औषधं एक दिवसाआड घेऊन पाहिली. शेवटी एक जुना ट्रेलर मिळाला. हे सांगताना त्या भांडी घासत होत्या. फवारा मारायच्या बाटलीने ताटलीवर पाण्याचे चार-पाच झोत, एक फडकं, पुन्हा दोन झोत. अख्खी ताटली चार-पाच चमचे पाण्यात लख्ख. खाली पडलेलं पाणी एका थाळ्यात धरलं होतं. ते त्यांनी टायरमध्ये लावलेल्या निवडुंगाला घातलं. मी गाडीतले दोन कॅन आणून ठेवले तेव्हा त्या आभार मानायला थांबल्या नाहीत, झाकण उघडून वास घेतला. पाणी पिण्याचं आहे की वापरायचं, हे तिथे आधी बघावं लागतं.

तिथले लोक आपल्या गावाला अमेरिकेतली शेवटची ‘फ्री’ जागा म्हणतात. इंग्रजीत हा एकच शब्द आहे. आपल्याकडे दोन आहेत, मोकळं आणि फुकट, आणि त्या दोन्हींतलं अंतर मला स्लॅब सिटीत दोन्ही दिवस दिसत होतं. कुणी खरोखर मोकळं व्हायला आलेलं: नियम नकोत, घड्याळ नको, कुणाचा हुकूम नको. या बाई मात्र फुकट जागा हवी म्हणून आल्या होत्या. मोकळं वाटणं त्यांना पुढे हळूहळू जमलं, आणि तेही सगळे दिवस नाही. तिथे अमली पदार्थ आहेत, चोऱ्या आहेत, रागाच्या भरात दुसऱ्याचा तंबू जाळणारेही आहेत. रात्री त्या आतून कडी लावून झोपत. त्याच वस्तीत दार नसलेलं, रात्रंदिवस उघडं वाचनालय आहे आणि दर शनिवारी रात्री मोडक्या सोफ्यांसमोरच्या मंचावर ज्याला यावंसं वाटेल तो येऊन गातो. यांतली एकच बाजू लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं, असं माझं मत आहे.

गावाच्या तोंडाशी लिओनार्ड नाइट यांचा डोंगर आहे, साल्वेशन माउंटन. व्हरमाँटचा हा माणूस, जन्म १९३१चा. ‘देव म्हणजे प्रेम’ एवढंच त्यांना जगाला सांगायचं होतं. आधी ते लिहिलेला गरम हवेचा फुगा करायचं ठरवलं, वर्षानुवर्षं कापड शिवलं. तो उडाला नाही. १९८४ साली इथे आले आणि आठवडाभरात एक लहानशी खूण करून निघू म्हणाले. ते राहिले २७ वर्षं. पहिला डोंगर सिमेंटचा, त्यात वाळूच जास्त; १९८९मध्ये तो कोसळला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी माती आणि गवत कालवून, आपल्याकडे कुडाच्या भिंती लिंपतात तसं. वर रंग, लोकांनी आणून दिलेला. पायथ्याशी उभ्या असलेल्या मोटारीत ते राहत, विजेशिवाय. १९९४मध्ये रंगातल्या शिशामुळे माती विषारी झाली असं म्हणत डोंगर पाडायचं चाललं होतं. लोकांनी सह्या गोळा केल्या, मातीची पुन्हा तपासणी झाली आणि तो वाचला. २००२ साली सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी त्याला राष्ट्रीय ठेवा म्हणून काँग्रेसच्या नोंदींत जागा दिली. २०११मध्ये वृद्धाश्रमात जाईपर्यंत लिओनार्ड रंग लावत होते. २०१४ साली, ८२व्या वर्षी, ते गेले.

पिवळ्या रंगाच्या वाटेनेच वर चढायचं, बाकी कुठे पाय ठेवायचा नाही. एका वळणावर रंगाचा पापुद्रा सुटला होता. गुलाबीखाली निळा, निळ्याखाली पांढरा, पुन्हा गुलाबी, आणि अगदी आत मातीतून डोकावणारी गवताची काडी. बोटभर जाडीचे थर होते. मी देवाची माणूस नाही, पण त्या काडीपाशी बराच वेळ उभी राहिले. विठ्ठलापर्यंत चालत जाणाऱ्या माणसाला हा माणूस लगेच कळला असता.

तिथून दोन-अडीच तासांवर ॲरिझोनात क्वार्ट्झसाइट. तिथल्या सरकारी माळावर थंडीत हजारो गाड्या उतरतात. बॉब वेल्स हे १९९५ साली घटस्फोटानंतर अलास्कात जुन्या मालवाहू गाडीत राहायला लागले. पुढे त्यांनी अशा गाडीतल्या माणसांचा मेळावा इथे भरवायला सुरुवात केली. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी स्वतः व्हॅन घेऊन या लोकांत राहून २०१७ साली ‘नोमॅडलँड’ लिहिलं. पुढे त्यावर निघालेल्या सिनेमाला ऑस्कर मिळालं, आणि वेल्स त्यात स्वतःच्याच भूमिकेत आहेत. मी तिथे जे ऐकलं त्यात पत्त्याचा विषय सारखा निघत होता. पत्ता नसेल तर गाडीचा परवाना, मतदान, औषधांचं पार्सल, सगळंच अडतं. म्हणून पुष्कळ जण साउथ डकोटात एक रात्र मुक्काम करतात, पावती दाखवतात आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवेचा पत्ता लावून त्या राज्याचे रहिवासी होतात. ज्या राज्यात पुन्हा वर्षभर पाऊल पडायचं नाही, ते कागदावर त्यांचं गाव.

हे ऐकताना मला आपल्याकडची पालं आठवली. लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८० साली आलं तेव्हापासून गाव नसलेला माणूस म्हणजे काय हे मराठी वाचकाला माहीत आहे. दोन्ही एकच, असं मी म्हणणार नाही. आपल्या भटक्यांना जातीने जोतं बांधूच दिलं नाही. या माणसांची जोती होती आणि भाड्याने, आजारपणाने, बँकेने ती काढून घेतली. पण कागदावर पत्ता नसल्याची लाज दोन्हीकडे सारखीच दिसते. माणूस खालमानेने फॉर्म भरतो आणि त्या एका रकान्यापाशी पेन थांबतं.

परत आल्यावर मी लेख दिला. छापून आला तो ‘विक्षिप्तांचं वाळवंट’ या मथळ्याखाली, सोबत मी काढलेला एका दाढीवाल्याचा फोटो. मथळा माझा नव्हता, पण मजकुरात तो शब्द मीच एकदा वापरला होता. तिथूनच तो उचलला गेला. फोटोतल्या माणसाला मी विचारलं नव्हतं. अनिल अवचटांची ‘माणसं’ वाचून मी या व्यवसायात आले होते, आणि शेवटी माणसांना विक्षिप्त म्हणून मोकळी झाले. विक्षिप्त म्हटलं की कारण शोधावं लागत नाही. झाडणाऱ्या बाईंची कारणं मला माहीत होती. ती तीन ओळींत उरकली होती, आणि दाढीला अख्खा परिच्छेद दिला होता. हा लेख त्या तीन ओळींसाठी आहे.

कुणी त्या बाजूला जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा. उन्हाळ्यात पारा ४८ अंशांवर जातो. डोंगरासाठी रंगाचा एक डबा न्या, तो सांभाळणारे लोक अजूनही रंग घेतात. कॅमेरा बाहेर काढण्याआधी विचारा. आणि गाडीत जागा असेल तितकं पाणी न्या, पिण्याचं.