वडिलांचा हात

गेल्या वर्षी आईला ऐंशी वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या जुन्या फिती जोडून तिला तासाभराचा चित्रपट दाखवावा, असे मी मनाशी योजिले. ते लग्न २००३ साली इंदूरला आमच्या राहत्या घरी झाले आणि मावसभावाने मिनी-डीव्ही कॅसेटवर टिपले होते.

पाठवणीच्या वेळी वडील ओट्यावर उभे राहून हात हलवीत आहेत. पुढच्या दृश्यात मोटार वळणावरून दिसेनाशी होते. ही दोन दृश्ये मला नुसती तोडून जोडावयाची नव्हती. पहिले विरत जावे व त्यातूनच दुसरे उमटावे, असा एका सेकंदाचा सांधा मी घातला. वडील २०११ मध्ये गेले. त्यांचा हात एकाएकी छाटल्यासारखा नाहीसा व्हावा, हे मला सोसवले नसते.

तयार झालेली डीव्हीडी आईच्या जुन्या दूरचित्रवाणी संचावर लावली. सारे स्वच्छ दिसत होते. मात्र सांध्याशी येताच हात थरथरू लागला, बोटांच्या कडा विस्कटल्या. आई हळूच म्हणाली, “त्या दिवशी ह्यांचा हात इतका कापत होता का रे?”

तो कापत नव्हता. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो.

दोष प्रथम मी कॅसेटच्या माथी मारला. ती पुन्हा संगणकात उतरविली. हात कापतच राहिला. संगणकाच्या पडद्यावर चित्र थांबवून पाहावे, तर तेथे हलणाऱ्या प्रत्येक वस्तूला फणीसारखे दाते फुटलेले, निर्दोष भागातसुद्धा! या फसव्या दात्यांपायी माझी एक रात्र फुकट गेली. बहीण फोनवर म्हणाली, “दादा, तो सांधाच काढून टाक ना.” ते सोपे होते, पण पटेना.

शेवटी ध्यानात आले की, ओट्याचा खांब आणि तुळशीवृंदावन सांध्यातही ढळत नाहीत. जे हलते तेच बिघडते. म्हणजे गोंधळ वेळेच्या क्रमात असला पाहिजे.

आपल्याकडील या कॅमेऱ्यांत सेकंदाला २५ चित्रे असत, पण एकेक चित्र अखंड टिपलेले नसे. त्याच्या ५७६ ओळींपैकी एकाआड एक ओळी आधी टिपल्या जात आणि उरलेल्या सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर. अशा अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. डीव्हीत खालचे फील्ड आधी येते; मी मात्र नोंद करताना ‘वरचे आधी’ अशी खूण करून बसलो होतो. साध्या भागात संकलनाची आज्ञावली मूळ चित्रे जशीच्या तशी उचलीत असल्याने माझी चूक झाकली गेली. सांध्यातील २५ चित्रे तिला नव्याने घडवावी लागत. तेथे ती माझ्या शब्दावर विसंबून नको ती दुरुस्ती करी आणि क्रम उलटा होई. हात पुढे जाई, मागे येई, पुन्हा पुढे.

खूण बदलली, तरी हात कापलाच! आधी घडविलेले सांधे संगणकाने जपून ठेवले होते. ते पुसून नव्याने घडविले, तेव्हा कोठे चित्र जागेवर आले.

आईला पुन्हा संचासमोर बसविले. हात संथपणे हलला, विरला आणि त्यातून मोटार उमटली.

“स्थिर होता हो हात,” ती म्हणाली. “मी तेव्हा पदराने डोळे पुसत होते रे, मला कुठे दिसले?”

मग तिने तेवढाच भाग पुन्हा लावावयास सांगितला.