सांपडलें नाहीं, म्हणजे नव्हतेंच काय ?

हल्लीं घरांत कोणताहि जुना प्रश्न निघाला, कीं ‘संगणकावर पाहा’ हें उत्तर तयार असतें. तें वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या वृत्तपत्रांच्या जुन्या फायली पाहावयास पूर्वीं ग्रंथालयांत आठवडेच्या आठवडे घालवावे लागत, त्यांतील पुष्कळ आज घरबसल्या उघडतां येतात. परंतु संगणकानें ‘कांहीं आढळलें नाहीं’ असें सांगतांच, तशी गोष्ट घडलीच नाहीं, असा निर्णय करून आमचे तरुण मित्र मोकळे होतात, हें मात्र आम्हांस धोक्याचें वाटतें. म्हणून असल्या संग्रहांत शोध कसा करावा, याविषयीं चार शब्द लिहीत आहोंत.

एक उदाहरण घेऊं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘ट्रोव्ह’ नांवाचा संग्रह २००९ सालापासून सर्वांस विनामूल्य खुला आहे. १८०३ सालच्या ‘सिडनी गॅझेट’पासून बहुतांशीं १९५४ पर्यंतचीं तिकडील वृत्तपत्रें त्यांत वाचावयास मिळतात. त्यांचा आपणांस काय उपयोग, असें कोणी विचारील. पण हिंदुस्थानांतील बातम्या तारेनें तिकडे जात व छापल्या जात. २२ जून १८९७ च्या रात्रीं पुण्यास गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग-कमिटीचा अध्यक्ष रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांजवर गोळ्या झाडण्यांत आल्या. आयर्स्ट जागींच ठार झाला व रँड ३ जुलै रोजीं मरण पावला. ही वार्ता दूरदेशीं कशी पोंचली, हें आपणांस पाहावयाचें आहे असें समजा.

नवशिका मनुष्य ‘रँड’ एवढाच शब्द घालतो, आणि त्याच्यापुढें सोन्याच्या खाणींची रास येऊन पडते ! कारण दक्षिण आफ्रिकेंतील जोहान्सबर्गच्या सुवर्णभूमीसहि इंग्रजी पत्रें ‘रँड’च म्हणत. येथें आपल्या शास्त्रकारांच्या ‘सैंधव’ शब्दाचें स्मरण होतें. भोजनसमयीं ‘सैंधव आण’ म्हटलें तर मीठ आणावयाचें, आणि प्रवासास निघतांना म्हटलें तर घोडा. अर्थ ठरतो तो प्रकरणावरून. यंत्रास शब्द दिसतो. प्रकरण आपण पुरवावें लागतें. तें पुरविण्याचा सोपा उपाय म्हणजे जोडीस दुसरा शब्द देणें. ‘रँड’ व ‘पूना’ असे दोन्ही शब्द लिहिले, कीं दोन्ही ज्यांत आहेत तेवढेच लेख पुढें येतात. त्याहून उत्तम म्हणजे विरळ शब्दापासून आरंभ करावा. ‘आयर्स्ट’ हें नांव विरळ आहे. तें घालून काळाची मर्यादा जून ते डिसेंबर १८९७ अशी ठेविली, कीं भुसा उडून दाणे राहतात.

याच्या उलट, एकाच वस्तूस जेथें अनेक नांवें असतील तेथें अमरकोशाची बुद्धि चालवावी. पर्यायी शब्दांच्या मध्यें ‘ऑर’ हा इंग्रजी शब्द रोमनच्या मोठ्या अक्षरांत लिहिल्यास त्यांपैकीं कोणताहि चालतो. पुण्याचें आजचें स्पेलिंग घालून १८९७ चें इंग्रजी पत्र शोधणें व्यर्थ होय. त्या काळीं तें ‘पूना’च होतें. ‘चाफेकर’ हें आडनांव ‘चापेकर’ असेंहि शोधून पाहावें. ‘प्लेग कमिटी’सारखी शब्दांची जोडी अवतरणचिन्हांत घालावी, म्हणजे ते शब्द त्याच क्रमानें लगत असतील तेथेंच शोध होतो. वगळणारा ‘नॉट’ मात्र जपून वापरावा. तारेच्या अनेक बातम्या पुष्कळदां एकाच रकान्यांत एकाखालीं एक छापीत. खाणी टाळण्यासाठीं ‘सोनें’ वगळलें, तर सोन्याच्या भावाबरोबर पुण्याची बातमीहि जावयाची.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हीं जुनीं पानें यंत्रानें वाचलेलीं असतात. शाई पसरली असली, किंवा रोमन ‘आर’ व ‘एन’ हीं अक्षरें चिकटलीं, तर यंत्र त्यांस ‘एम’ समजतें. मग नांव पानावर असतें आणि शोधांत नसतें. ट्रोव्हवर मूळ पानाचें चित्र व यंत्रानें वाचलेला मजकूर हीं दोन्ही पाहतां येतात आणि वाचकास चुका दुरुस्तहि करतां येतात. आमच्यासारख्या सेवानिवृत्तांस हें एक उत्तम काम आहे.

आपल्या भाषेंत तर अडचण अधिकच आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. आम्ही अद्याप जुन्याच वळणानें लिहितों, हें वाचकांस दिसतच आहे. आजचा विद्यार्थी ‘नाही’ लिहितो, त्याच्या पणजोबांनीं ‘नाहीं’ लिहिलें. केवळ अक्षरांची जुळणी पाहणारें यंत्र त्यास रिकाम्या हातीं परत पाठवितें. एका टिंबासाठीं पणजोबा पणतूस दुरावावे, ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून मराठी शब्द जुन्या व नव्या अशा दोन्ही रीतींनीं शोधावा.

आणि सांपडलें तरी तेवढ्यावर थांबूं नये. तारेनें गेलेली बातमी बहुधा राज्यकर्त्यांच्या दृष्टीनें पाहिलेली असे. त्याच वर्षीं १४ सप्टेंबर रोजीं टिळकांस राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या प्रकरणाची एक बाजू इंग्रजी पत्रांत मिळेल, पण दुसरीसाठीं ‘केसरी’ उघडावा लागेल.

तात्पर्य, शोध करतांना जवळ एक वही असावी. कोणता संग्रह, कोणते शब्द, कोणत्या तारखांची मर्यादा, हें तींत लिहून ठेवावें. मग ‘असें कांहीं नव्हतें’ असें न म्हणतां, ‘या संग्रहांत, या शब्दांनीं मला आढळलें नाहीं’ एवढेंच म्हणण्याची संवय लागते. आणि दुसरा कोणी नव्या शब्दानें पुढें शोधूं शकतो.