नवी आवृत्ति आणि जुने गडी

चांगले सुशिक्षित, कमावते, मुलाबाळांचे धनी असलेले गृहस्थ एका खेळाच्या नियमांची जुनी आवृत्ति चांगली कीं नवी चांगली, एवढ्यावरून एकमेकांशीं बोलेनासे होतात असें कोणीं सांगितलें, तर आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस हसूं येईल. पैशाच्या देवघेवीवरून, शेताच्या बांधावरून, फार तर श्राद्धाच्या तिथीवरून भाऊबंद भांडतात हें आपण पाहतों. पण खेळाच्या पुस्तकावरून? तथापि हा तंटा आम्हीं अमेरिकेंत प्रत्यक्ष पाहिला आहे, आणि तो पोरकट म्हणून सोडून द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. तें कां, हें सांगण्यासाठींच हा लेख.

ज्या खेळाविषयीं हें चाललें आहे त्याचें नांव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. भुयारें आणि आग ओकणारे राक्षसी सर्प असा त्या नांवाचा अर्थ. पांच-सहा जण एका मेजाभोंवतीं बसतात. त्यांतील एक सूत्रधार. तो कथा सांगतो: दाट रान आहे, पडका किल्ला आहे, वेशीवर पहारा आहे. बाकीचे गडी प्रत्येकीं एक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर, कोणी देवाचा उपासक. सूत्रधार विचारतो, ‘आतां तुम्ही काय करतां?’ आणि जो तो आपल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतो. एखादी गोष्ट साधेल कीं नाहीं याची शंका असली म्हणजे फांसे टाकावयाचे. तेही चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंत निरनिराळ्या आकारांचे. यांत गडी एकमेकांस हरवीत नाहींत. कीर्तनांत श्रोत्यांनींच उठून आख्यानांतील पात्र व्हावें आणि पुढची कथा बुवांच्याही हातीं राहूं नये, तसा कांहींसा हा प्रकार आहे. एकेक आख्यान वर्षानुवर्षें चालतें. अर्थात् न्याय कोणत्या नियमानें करावयाचा हें आधीं ठरलेलें असावें लागतें, आणि ते नियम ग्रंथांत असतात.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनीं रचलेला हा खेळ १९७४ सालीं विस्कॉन्सिन राज्यांतील लेक जिनीव्हा या लहानशा गांवांतून प्रसिद्ध झाला. पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या १०००. एका पेटींत तीन लहान चोपड्या. १९७७ ते १९७९ या काळांत त्याच नियमांचा विस्तार होऊन तीन मोठे ग्रंथ झाले. १९८९ सालीं दुसरी आवृत्ति निघाली. मधल्या काळांत कांहीं धर्मनिष्ठ ख्रिस्ती पालकांनीं या खेळांत सैतानाची उपासना आहे असा बोभाटा केला होता. म्हणून नव्या आवृत्तींत सैतानांचीं प्रचलित नांवें गाळलीं गेलीं, आणि पुढें तींच भुतें बनावट नांवांनीं परत आलीं. जुन्या गड्यांस हें मुळींच रुचलें नाहीं. १९९७ सालीं मूळची टीएसआर कंपनी कर्जांत बुडाली असतां विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनें ती विकत घेतली. तिनें २००० सालीं तिसरी आवृत्ति काढली आणि तीनच वर्षांनीं, २००३ सालीं, तिचीच दुरुस्त केलेली ‘साडेतीन’ आवृत्ति. साडेतीन हा आंकडा आपल्याकडे मुहूर्तांस शोभतो. तेथें तो ग्रंथांस पुन्हां पैसे मोजावे लागल्याची खूण होऊन बसला. २००८ सालीं चौथी, २०१४ सालीं पांचवी, आणि २०२४ पासून पांचवीचेच ग्रंथ पुन्हां नव्यानें लिहून निघाले.

प्रत्येक आवृत्तीबरोबर भांडण ठरलेलें. तिकडे त्यास ‘आवृत्त्यांचीं युद्धें’ असेंच नांव पडलें आहे. एक उदाहरण देतों. पहिल्या दोन आवृत्त्यांत चिलखताचा आंकडा जितका लहान तितकें संरक्षण अधिक, असा उलटा हिशेब होता. तिसऱ्या आवृत्तीनें तो सरळ केला. मोठा आंकडा तो चांगला. वजाबाकी गेली, बेरीज उरली. नवशिक्यास हें सुखाचें. परंतु ज्यानें वीस वर्षें ती वजाबाकी डोळ्यांचें पातें लवतें न लवतें तोंच केली होती, त्याचें एक कसब एका दिवसांत निरुपयोगी झालें. चौथ्या आवृत्तीच्या वेळीं प्रकरण विकोपास गेलें. तिनें सर्व पात्रांच्या शक्ति एकाच सांच्यांत घातल्या. लढाई सुबक झाली, पण योद्धा आणि मांत्रिक यांच्या खेळण्यांतील वेगळेपण पुसलें गेलें असें जुन्यांचें म्हणणें. पायझो नांवाच्या प्रकाशकानें साडेतीन आवृत्तीचेच नियम दुरुस्त करून २००९ सालीं ‘पाथफाइंडर’ या नांवानें छापले, आणि असंख्य गडी तिकडे गेले. एका घराचीं दोन घरें झालीं, आणि मूळ घराणें आमचेंच असें दोन्हीं घरें म्हणूं लागलीं. हा अनुभव पदरीं असल्यामुळेंच पांचवीच्या वेळीं कंपनीनें २०१२ पासून मसुदा लोकांपुढें ठेवून, तो खेळून पाहण्यास सांगून, त्यांचीं मतें मागविलीं.

२०२४ च्या हिवाळ्यांत आम्ही शिकागोजवळ आमच्या पुतण्याकडे राहिलों होतों. त्याच्या घरीं दर शनिवारीं ही मंडळी जमे. कॉलेजांतले पांच मित्र. दोघे महाराष्ट्रांतले, एक तामीळ, दोघे तिकडचेच. पुढें त्यांतील एकाची पत्नीही खेळावयास बसूं लागली. पुतण्या सूत्रधार. बाहेर गुडघाभर बर्फ, आंत चहाचे पेले आणि फांशांचा खडखडाट, असा तो थाट असे. दहा वर्षें एकच आख्यान चाललें होतें. तामीळ मित्राचें पात्र म्हणजे एक व्रतस्थ धर्मवीर. २०१४ च्या नियमांप्रमाणें या धर्मवीरास, शक्ति शिल्लक असेल तोंवर, प्रत्येक यशस्वी घावांत दैवी तेज ओततां येई. २०२४ च्या ग्रंथांत तेंच तेज मंत्रांत मोडूं लागलें, आणि एका पाळींत तें एकदांच वापरतां येईल असें ठरलें. पूर्वीच्या नियमामुळें इतर पात्रें फिकीं पडत, म्हणून हा बदल वाजवी आहे असें समजणारे पुष्कळ आहेत.

त्या मित्रानें मात्र पुस्तक मिटलें आणि तो म्हणाला, ‘दहा वर्षें हा माणूस असाच लढला. भुयारांतून आपल्या बहिणीला त्यानें याच बळावर सोडवून आणलें. तुम्ही सगळे तेथें होतां. आतां तें त्याला येतच नव्हतें असें म्हणावयाचें काय?’ यावर नव्यानें आलेल्या त्या बाई शांतपणें म्हणाल्या, ‘तुमचे जुने नियम मी कधीं शिकलेंच नाहीं. मी दुकानांतून जें पुस्तक आणलें तें तुम्हांला चालत नाहीं. मग मी या मेजावर कायमची पाहुणीच राहूं का?’

दोघांचेंही म्हणणें आम्हांस अगदीं ओळखीचें वाटलें. ज्या घरांत चार पिढ्या एका छपराखालीं नांदल्या आहेत, तेथें हे दोन्हीं आवाज कोणीं ऐकले नाहींत? एक आवाज म्हणतो, आमच्या घरची रीत ही आहे, हिच्यांत आमचें आयुष्य गेलें. दुसरा म्हणतो, मी या घरांत आलें खरी, पण येथली प्रत्येक गोष्ट माझ्या येण्याच्या आधींच ठरून गेली आहे. पुढचे दोन शनिवार तो मित्र आला नाहीं. पुतण्यानें त्याच्या खुर्चीवर कोणास बसूं दिलें नाहीं, आणि खेळही फारसा रंगला नाहीं.

अशा वेळीं जुन्या गड्यांस एक ठराविक उत्तर देण्यांत येतें: ‘तुमचें जुनें पुस्तक कोणीं हिरावून नेलें आहे? तें घ्या आणि खेळा.’ उत्तर बिनतोड दिसतें; पण तें पुस्तकापुरतें खरें आहे, खेळापुरतें नाहीं. पुस्तक एकट्यास वाचतां येतें. खेळास सोबती लागतात, आणि नवे सोबती दुकानांत जें मिळतें तेंच शिकून येतात. जुन्या नियमांनीं खेळणारीं माणसें वर्षागणिक घटत जातात, आणि शेवटीं कपाटांत पुस्तक राहतें, मेजाभोंवतीं कोणी राहत नाहीं. आतां तर पुस्तकाचाही भरंवसा उरलेला नाहीं. पुष्कळ गडी आपल्या पात्रांचे कागद कंपनीच्या संगणकीय भांडारांत ठेवतात. ऑगस्ट २०२४ मध्यें तेथील जुन्या मंत्रांच्या जागीं नवे मंत्र आपोआप बसतील असें कंपनीनें जाहीर केलें. इतका ओरडा झाला कीं कांहीं दिवसांतच तिला तें मागें घ्यावें लागलें.

याहून मोठा प्रसंग त्याच्या आदल्या वर्षींचा. २००० सालीं कंपनीनें एक खुला परवाना दिला होता. त्याच्या आधारें कोणींही या नियमांवर आपलीं पुस्तकें रचावीं आणि विकावीं. ‘पाथफाइंडर’ही त्याच परवान्यावर उभें राहिलें, आणि कित्येक लहान प्रकाशकांचे संसारही. जानेवारी २०२३ मध्यें तो परवाना मोडीत काढून कडक अटी घालण्याचा मसुदा बाहेर फुटला. तेव्हां एरव्हीं एकमेकांचें तोंड न पाहणारे निरनिराळ्या आवृत्त्यांचे गडी एक झाले. पुष्कळांनीं कंपनीची वर्गणी बंद केली. कंपनीनें मतें मागवितांच १५,००० हून अधिक उत्तरें आलीं. त्यांत शेंकडा ८९ जणांस जुना परवाना रद्द होणें नापसंत होतें. २७ जानेवारी रोजीं कंपनीनें माघार घेतली, आणि पांचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा सर्वांस कायमचा वापरतां येईल अशा रीतीनें खुला केला. ज्यांच्या भांडखोरपणास आपण हसतों, त्यांच्या भांडखोरपणानेंच हें घडलें. ज्याला एखादी वस्तु आपली वाटत नाहीं, तो तिच्यासाठीं भांडतही नाहीं.

आपल्याकडे याचें उदाहरण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ सालीं आले. १९७२ सालीं त्यांत आणखी चारांची भर पडली. उच्चारांत नसलेला अनुस्वार त्या नियमांनीं गेला. ही मराठी लेखनाची नवी आवृत्तिच होय. नव्या पिढीस ती सोपी झाली, यांत शंका नाहीं. पण ‘घरांत’ या शब्दावरील ज्या बिंदूनें आमच्या गुरुजींनीं आम्हांस सप्तमी ओळखावयास शिकविलें, तो बिंदु गेला तेव्हां घरांतलें एक माणूस गेल्यासारखें आम्हांस वाटलें. आम्ही अजून जुन्याच आवृत्तीनें लिहितों, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. आमचें जुनें व्याकरण कपाटांत आहे. तें कोणीं नेलेलें नाहीं. परंतु आम्हीं लिहिलेली चिठ्ठी वाचतांना आमची नात विचारते, ‘आजोबा, हीं टिंबें कसलीं?’ त्या प्रश्नांत राग नसतो, थट्टाही नसते. आणि म्हणूनच तो टोंचतो.

शिकागोचें प्रकरण पुढें असें मिटलें. पुतण्या मित्राच्या घरीं गेला. कोणती आवृत्ति श्रेष्ठ हा विषयच त्यानें काढला नाहीं. चाललेलें आख्यान जुन्या नियमांनींच शेवटास न्यावें. तें संपल्यावर नवें आख्यान नव्या ग्रंथाप्रमाणें मांडावें, आणि त्याच्या सूत्रधार त्या बाईंनीं व्हावें, असें त्यानें सुचविलें. तिसऱ्या शनिवारीं तो तामीळ मित्र आला तो एक वही घेऊन. बाईंच्या पात्रास लागणारे जुने नियम त्यानें तींत स्वतःच्या हातानें उतरून आणले होते. त्यांनींही ती वही नाकारली नाहीं; शेजारीं बसवून घेऊन एकेक ओळ समजून घेतली. नव्या आख्यानांत तो बसेल कीं नाहीं, याविषयीं मात्र त्यानें कांहीं वचन दिलें नाहीं. आणि आम्ही परत निघालों तोंवर जुनें आख्यान संपलें नव्हतें.

असो. नियम बदलल्यावांचून कोणताही खेळ दोन पिढ्या टिकत नाहीं, आणि बदलले म्हणजे कोणाचें तरी कांहीं जातेंच. तें जाणें टाळतां येत नसेल. पण जातांना त्याची जाणीव ठेवतां येते. नवें आणणाऱ्यानें तें सोपें आहे एवढेंच न सांगतां, यामुळें मेजावरून कोण उठणार आहे हें आधीं पाहावें. जुनें राखणाऱ्यानें, आपण दार इतकें घट्ट तर लावलें नाहीं ना कीं नव्या माणसानें बाहेरच उभें राहावें, हें स्वतःस विचारावें. हा विचार ज्या मेजाभोंवतीं होतो, तेथें आवृत्ति कोणतीही असली तरी खेळ चालू राहील, असें आम्हांस वाटतें.