वेसणीला सूट, शर्यतीला नाही

सातारा

चि. अनघास,

तुझं पत्र पोचलं. बैलगाडा शर्यतीच्या निकालात सुप्रीम कोर्टानं मतपेटीपुढं हात टेकले, असं तू सांगलीच्या कॉलेजातल्या वादात ठणकावून सांगितलंस म्हणे. शर्यती मला आवडत नाहीत, तरी हे पटत नाही.

जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यत दोन्ही बंद करणारा सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा नागराज निकाल परत वाच. प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्यात संसदेनं नावं घेऊन सूट दिली आहे : वेसण, डाग, खच्चीकरण, कलम २८ मध्ये धर्माच्या रीतीनं प्राणी मारणंसुद्धा. शर्यत त्यात नव्हती. त्यात २०११ च्या अधिसूचनेनं बैलाच्या खेळांना मनाई केलेली. म्हणजे बंदी कायद्यातूनच निघत होती. पण बैलाला जपणं हीच तमिळ संस्कृती, असंही कोर्टानं तिथं सांगून टाकलं. हे ठरवायचं काम त्याला कुणी दिलं होतं?

२०१७ ला आपल्या विधिमंडळानं शर्यतीला मुभा देणारी दुरुस्ती त्या कायद्यात केली, राष्ट्रपतींची संमतीही मिळवली. मुंबई हायकोर्टानं ती अडवली. तुमच्या आटपाडीतल्या झरे गावात २०२१ च्या ऑगस्टमध्ये आमदार पडळकरांनी बंदी मोडून गाड्या पळवल्या. आमदारानं असं वागणं मला मुळीच पसंत नाही. त्याच डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं दुरुस्ती कायम केली. शर्यत चांगली, असं पीठ म्हणालं नाही. संस्कृतीचा निवाडा विधिमंडळानं केलाय, तो आम्ही उलटवणार नाही, एवढंच म्हणालं. शरणागती कसली यात? कायद्यात शर्यत नव्हती तेव्हा बंदी, घातली तेव्हा परवानगी.

मात्र त्याच निकालात अटी काटेकोर पाळण्याची जबाबदारी जिल्हा दंडाधिकाऱ्यांवर टाकली आहे. ते कुणी वाचत नाही. खटावकडच्या एका मैदानात मी मुद्दाम झेंड्यापाशी उभा राहिलो. गाडीवानाच्या हातात चाबूक नव्हता. पण शेपूट पिरगळायला चाबूक कशाला लागतो? खिलार खोंड तोंडाला फेस आणून पळत होता आणि स्पीकरवरचा गडी मालकाचं कौतुक करत होता. बैलाला वेदना दिली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, हेही त्याच विधिमंडळानं लिहिलंय. आमदारांचा हेतू मानायचा तर सगळा मानावा.

तू शर्यतीच्या नियमांची प्रत काढून पाठव. ते पाळले जावेत म्हणून अर्ज मी इथं कलेक्टर कचेरीत देतो, तू तिकडं दे. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा